आजीचे माहेरचे नाव

माझ्या विहीणबाई सामोआच्या आहेत. प्रशांत महासागरातील सवाई बेटावर त्यांचे बालपण गेले, लग्नानंतर त्या न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आल्या, आणि नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या माझ्या मुलाने त्यांच्या लेकीशी लग्न केले. नातीचा जन्म झाला त्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. त्यांच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती आणि मुलीच्या वडिलांकडील घराणे त्यांना त्या वहीत उतरवून घ्यायचे होते. सूनबाई मध्ये बसून दोघींचे बोलणे एकमेकींना समजावून सांगत होती. सासरकडील पुरुषांची नावे मी पाच पिढ्यांपर्यंत सांगितली. ती लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता तुमच्याकडची सांगा. मुलीच्या आजीची आजी कोण?" म्हणजे माझी आजी, माझ्या आईची आई. तिचे नाव मी लगेच सांगितले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात हे त्यांना लेकीच्या लग्नात, तबकातील तांदळावर अंगठीने नाव लिहिताना, कळले होते. म्हणून त्यांनी पुढे विचारले की हे सासरचे नाव झाले, तिच्या आईवडिलांनी पाळण्यात ठेवलेले नाव कोणते?

मला ते ठाऊक नव्हते. आजीच्या मांडीवर मी वाढले, तिच्या हातची आंबोळी खाल्ली, तिच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागून काढल्या, आणि तिचे माहेरचे नाव मी तिला कधी विचारले नाही. विहीणबाईंनी वहीत एक ओळ मोकळी सोडली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

त्या एका ओळीसाठी गेली तीन वर्षे मी राजापूर आणि देवगड या दोन तालुक्यांतील दप्तरे पाहत आले आहे. त्याच काळात विहीणबाईंच्या वहीतील काही अडलेल्या जागा सोडवण्यासाठी सूनबाई आणि मी मिळून सामोआचे जुने कागदही वाचत गेलो. दोन्ही कामे शेजारी शेजारी चालल्यामुळे एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडले, म्हणून येथे ती एकत्रच लिहिते. कुटुंबीयांची नावे मात्र देत नाही. सामोआत घराण्याची वंशावळ ही घराण्याची ठेव समजतात, ती परक्यांसमोर उघडी मांडणे अनुचित मानतात, आणि तो संकेत मला मनापासून पटला आहे.

वंशावळीसाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, तो रोमन लिपीत लिहिताना 'ग'चे अक्षर वापरतात; उच्चार मात्र 'ङ' होतो. म्हणजे तो शब्द 'ङाफा' असा आहे. क, ख, ग, घ म्हणून झाल्यावर जो ङ आपण शाळेत नुसता म्हणून सोडून देत होतो, तो त्यांच्याकडे शब्दाच्या सुरुवातीला येतो. कुटुंबाला ते 'आइङा' म्हणतात, आणि त्यात चुलते, मावश्या, दत्तक आलेले, लग्न होऊन गेलेले असे सगळेच येतात. या आइङाच्या दोन बाजू मानलेल्या आहेत: मूळ पुरुषाच्या मुलांचे वंशज ते 'तामाताने' आणि मुलींचे वंशज ते 'तामाफाफिने'. लेकीच्या वंशाला स्वतंत्र नाव आहे आणि घराण्याच्या निर्णयांत त्या बाजूचे म्हणणे ऐकावे लागते. भाऊ आणि बहीण यांच्यातील नाते त्यांच्याकडे एका कराराप्रमाणे पवित्र मानतात व भावाने बहिणीचा शब्द राखायचा असतो. त्यामुळे ङाफा सांगणारी व्यक्ती आजीच्या आजीपाशी अडखळत नाही.

आपण का अडखळतो, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते त्याचे एक कारण म्हाळाच्या दिवशी दिसते. भटजी पिता, पितामह, प्रपितामह असे विचारतात. मातुल पक्षाचेही मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह असे तीनच विचारतात. आणि त्यांच्या बायका बहुतेक वेळा 'सपत्नीक' या एका शब्दात येतात. विधीला जितकी नावे लागतात तितकीच घरात पाठ राहतात. ज्या घराण्यांनी छापील कुळवृत्तान्त काढले त्यांची गोष्ट निराळी, पण कोकणातील बहुसंख्य घरांच्या वाट्याला असा ग्रंथ आलेला नाही, आमच्याही आलेला नाही.

सामोआत अडचण येते ती पुरुषांच्या नावांत. तेथे पूर्वी कायमचे आडनाव नव्हते. बापाचे पाळण्यातील नाव मुलाच्या नावापुढे लागे, आणि नातवाच्या वेळी ते पुन्हा बदले. त्यावर आणखी एक गुंतागुंत म्हणजे मताईपद. मताई म्हणजे आइङाने निवडलेला कुटुंबप्रमुख. घराण्याची जमीन, मानपान आणि गावसभेतील जागा त्याच्याकडे असते. आजही सामोआतील सुमारे ८० टक्के जमीन अशा परंपरागत सामाईक मालकीची आहे. पद स्वीकारण्याचा समारंभ झाला की त्या माणसाला पदाचे नाव मिळते आणि कागदोपत्रीही तो त्याच नावाने ओळखला जातो. तो वारला की तेच नाव दुसऱ्याकडे जाते. हा दुसरा त्याचा मुलगाच असेल असे नाही; पुतण्या असेल, बहिणीचा नातू असेल, कधी एकाच वेळी दोघांकडे तेच पद असेल. विहीणबाईंच्या वहीत एकच नाव १९०५ च्या सुमारास एकदा आणि १९३० नंतर एकदा होते आणि आम्ही कित्येक महिने त्याला एकच माणूस समजून वयाचा हिशेब जुळवत बसलो होतो. प्रत्यक्षात ते मामा-भाचे होते. आपल्याकडे बाईचे नाव लग्नाच्या दिवशी बदलते, त्यांच्याकडे पुरुषाचे नाव पद घेण्याच्या दिवशी बदलते, आणि दोन्हीकडे कागदावरचा धागा नेमका त्याच दिवशी तुटतो. शोध घेणाऱ्याने सर्वप्रथम हा दिवस हुडकावा, असे मी आता कोणालाही सांगेन. जन्ममृत्यूच्या तारखा मागाहून मिळाल्या तरी चालते.

सामोआत तो दिवस हुडकण्याचे एक ठिकाण आहे. जर्मन अंमल असताना गव्हर्नर विल्हेल्म सोल्फ यांच्या काळात, १९०३ साली, जमीन आणि पदव्यांचे तंटे ऐकण्यासाठी एक आयोग नेमला गेला. त्याचेच पुढे न्यायालय झाले आणि ते आज राजधानी आपियाजवळ मुलिनुउ येथे आहे. मताईपदांची नोंदवही तेथे ठेवली जाते. पद कोणाला, केव्हा दिले आणि त्यावर कोणी हरकत घेतली, हे तेथील दप्तरातून उलगडते. तंटा झालेला असेल तर दोन्ही पक्षांनी सांगितलेल्या ङाफाही साक्षीत येतात. सूनबाईने हे सांगितले तेव्हा मला आमच्याकडचे महजर आणि करीने आठवले. वतनाच्या भांडणात मराठेशाहीतील लोक आपली हकीकत मूळ पुरुषापासून लिहून देत, तिला करीना म्हणत, आणि गोतसभेने केलेल्या निवाड्याचा कागद तो महजर. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी वाढवायचा, यावरून कोकणातील गावागावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत, आणि त्या कागदांतही वंशावळी सापडतात. मात्र एक सावधगिरी दोन्हीकडे बाळगली पाहिजे. वादात दिलेली वंशावळ वाद जिंकण्यासाठी दिलेली असते. जी शाखा हक्क मागत नाही ती तीत गळते, आणि जी मागते ती एखाद्या पिढीने पुढे सरकते. असा कागद मिळाला की मी विरुद्ध पक्षाचा कागद मिळेपर्यंत पेन्सिलनेच लिहिते.

सामोआचे बाकीचे कागद कोठे आहेत, हे त्या बेटांच्या इतिहासावरून ठरते. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० साली सवाई बेटावर सापापालिइ येथे उतरले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सामोअन भाषा रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली आणि चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मे व लग्ने नोंदवली जाऊ लागली. मेथडिस्ट, कॅथलिक, पुढे मॉर्मन असे पंथ येत गेले व प्रत्येकाच्या वह्या वेगळ्या राहिल्या, म्हणून पूर्वज कोणत्या चर्चला जात होता हे आधी कळावे लागते. हॅम्बर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने १८५७ मध्ये आपियात ठाणे केले. नारळाच्या बागा आणि सुके खोबरे हा त्या पेढीचा मुख्य व्यापार, आणि तिच्यामागून आलेल्या जर्मनांची आडनावे आजही अनेक सामोअन घरांत आहेत. १८९९ च्या कराराने बेटे वाटली गेली, पश्चिमेकडील जर्मनीकडे आणि पूर्वेकडील अमेरिकेकडे. ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूझीलंडने जर्मन सामोआ ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९६२ रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्यामुळे एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचे कागद आपियात, दुसऱ्याचे अमेरिकन सामोआत पागोपागोला, आणि जर्मन काळातील सरकारी फायली न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनच्या अभिलेखागारात, अशी स्थिती सहज होते. आपियात निघणारे एक जुने जर्मन वृत्तपत्र न्यूझीलंडच्या 'पेपर्स पास्ट' या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येते. त्यातील बोटींच्या उतारूंच्या व न्यायालयाच्या बातम्यांत आम्हाला दोन नावे मिळाली.

जर्मन काळातील एक हस्तलिखित सूनबाईने मला पाठवले तेव्हा मला ते पाहताक्षणीच ओळखीचे वाटले, आणि वाचता मात्र एक अक्षरही आले नाही. जुन्या जर्मन हस्ताक्षराची वळणे आजचा शिकलेला जर्मनही सहजी वाचू शकत नाही, जशी आपली मोडी आज आपल्याला येत नाही. मी निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गाला गेले. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवत लेखणी न उचलता लिहीत जातात. कोठे शब्द संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला हे डोळ्यांना दिसत नाही, ते अर्थावरून ताडावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे नावांची गल्लत होते. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी बंद झाली आणि एका पिढीत आपलेच बोटखत (जमिनीची जुनी नोंद), आपलेच खरेदीखत आपल्याला परके झाले. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधानिमित्त मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली, तेव्हा तालुक्याच्या अभिलेख कक्षांतील कित्येक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, प्रथमच सुटले.

नावांच्या लेखनाबद्दल थोडे सांगायचे आहे, कारण यात आमचा फार वेळ गेला. सामोअन बोलीभाषेत 'त'चा 'क' आणि 'न'चा 'ङ' होतो. व्यासपीठावर, चर्चमध्ये 'त' म्हणतात, घरात 'क'. परक्या कारकुनाने कानांवर पडेल तसे लिहिले तर तेच नाव यादीत दोन अगदी लांबच्या ठिकाणी जाते. स्वरांमधला अडका, म्हणजे गळ्यात क्षणभर अडणारा उच्चार, दाखवणारे चिन्ह बहुतेक कागदांत गाळलेले असते. तारखांचीही एक गंमतीची वाटावी अशी, पण हिशेब चुकवणारी बाब आहे: १८९२ साली सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा आला, आणि २०११ साली ती पुन्हा बदलली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवस आलाच नाही. आमच्याकडे शकाच्या वर्षात ७८ मिळवताना पौषापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवण्याची वेळ येते हे मी विसरत असे. विहीणबाईंच्या कागदांनी मला ते लक्षात ठेवण्याची सवय लावली.

दोन्ही घरांच्या कागदांत एक वर्ष सारखे निघाले. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेली 'तालुने' ही बोट आपियाच्या बंदरात आली. बोटीवर इन्फ्लुएंझाचे रुग्ण असूनही उतारूंना किनाऱ्यावर उतरू दिले गेले, आणि पुढील काही आठवड्यांत पश्चिम सामोआतील सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे पाचातील एकाहून अधिक, मृत्युमुखी पडली. अमेरिकन सामोआत तेथील गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बंदरे बंद ठेवल्यामुळे एकही मृत्यू झाला नाही. विहीणबाईंच्या वहीत त्या नोव्हेंबरपुढे सात नावे आहेत आणि त्यांतील तीन मताई होते. ज्यांना ङाफा पाठ होत्या ती वडील माणसे एका महिन्यात गेली. वहीतील सगळ्यात मोठा खड्डा तेथेच पडलेला आहे, आणि त्यापूर्वीचे जे आहे ते जर्मन नौदलातील डॉक्टर ऑगस्टिन क्रेमर यांनी १९०२-०३ मध्ये छापलेल्या वंशावळींशी ताडून पाहावे लागते. २००२ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची जाहीर माफी मागितली, तीत या साथीचा उल्लेख होता.

तीच साथ त्याआधी काही आठवडे आमच्या खाड्यांतून शिरली होती. आमच्याकडची जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. मुंबईत गिरण्यांमध्ये काम करणारे चाकरमानी ताप घेऊन गावी परतले. आजीच्या माहेरच्या गावची जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ती मी पाहिली तेव्हा ऑक्टोबर १९१८ चे पान आपोआप उघडले, कारण बांधणी तेथेच सुटलेली होती. कसरीने पानाचा उजवा कोपरा खाल्ला होता. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात मोडीत एकाखाली एक तोच शब्द होता: ताप, ताप, ताप. नोंद करणाऱ्याने नवव्या ओळीपासून शब्द लिहिणे सोडून दिले होते आणि वरच्याप्रमाणे असे दाखवणारी दोन टिंबे दिली होती. पानावर आजीच्या घरातील तीन नोंदी होत्या. दोन तिच्या भावंडांच्या. तिसऱ्या ओळीत आजीच्या वडिलांचे नाव आणि पुढे 'याची बायको' एवढेच होते, वय तीस. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने आईविषयी आम्हाला कधी काही सांगितले नाही आणि त्याचे कारण त्या दिवशी मला कळले.

कोकणातील कागदांचा हाच मोठा दोष आहे. जमिनीच्या जुन्या दप्तरात पुरुष 'बिन'ने जोडला जातो, अमका बिन तमका, आणि दोन-तीन कागदांत पाच पिढ्या उभ्या राहतात. बाई आली तर 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याच्या नावामागे येते आणि तीही विधवा झाल्यावर. सामाईक खात्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून लागते, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि धाकटे भाऊसुद्धा त्याआड दिसेनासे होतात. जन्माच्या नोंदी बारशाआधी केलेल्या असल्याने त्यांत मुलीचे नाव नसते, नुसते 'मुलगी' असते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर फार कामाचे. पण माझी आजी शाळेत गेली नव्हती, आणि जे गेले त्यांच्यातील निम्म्यांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लिहून ठेवलेली आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गावानिहाय व आडनावानिहाय असतात व तेथे यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे मिळतात. आजीच्या माहेरचे कोणी तेथवर गेलेले मला आढळले नाही.

शेवटी नाव मिळाले ते फेरफारात. मुलींना वडिलांच्या व भावाच्या मालमत्तेत वारस म्हणून स्थान देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला. आईचे मामा बिनलग्नाचे होते आणि १९६४ साली वारले, एवढे मला आईकडून माहीत होते. कायदा नसता तर त्यांची जमीन कदाचित चुलतभावांकडे गेली असती आणि आजीचा उल्लेख कोठे झालाही नसता. आता मात्र सख्खी बहीण म्हणून तिचे नाव वारसनोंदीत यायलाच हवे होते. मी फक्त त्या गावचे, त्या वर्षापासून पुढच्या तीन वर्षांचे फेरफार मागितले. एका कार्यालयात मला चार वेळा परत पाठवले गेले, दप्तर जीर्ण झाल्यामुळे दाखवता येणार नाही असे सांगण्यात आले. पाचव्या खेपेला एका तरुण लिपिकाने स्वतः खाली बसून गठ्ठा सोडला. १९६५ च्या एका नोंदीत निळ्या शाईने लिहिले होते की खातेदार निपुत्रिक मयत, वारस सख्खी बहीण, आणि त्यापुढे एक नाव, मग 'ऊर्फ', मग आम्हाला ठाऊक असलेले आजीचे नाव, 'भ्र.' आणि आजोबांचे नाव, राहणार तालुका राजापूर. सोबत जोडलेल्या जबाबाखाली 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, असे लिहून त्यावर अंगठा उमटवलेला होता. शाई जास्त लागल्यामुळे मधल्या रेषा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि कडेच्या तेवढ्या स्पष्ट होत्या. मी त्या ठशाला हात लावला नाही. लिपिकाने नक्कल काढून दिली. तो 'ऊर्फ' त्या तलाठ्याने का लिहिला असेल, याचा मी अनेकदा विचार करते. त्या गावात तिला सासरच्या नावाने कोणी ओळखतच नसणार, आणि ज्या नावाने ओळखत होते तेच पंचांनी सांगितले असणार.

म्हणून कागद पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मुलींचा शोध घेताना १९५६ नंतरच्या वारस फेरफारांकडे आणि बहिणींनी लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रांकडे अवश्य वळावे. हक्क सोडण्याच्या त्या कागदावर एका घरच्या साऱ्या लेकी, त्यांच्या सासरच्या नावांसह आणि गावांसह, ओळीने आलेल्या असतात. ज्या कागदाने त्यांना जमिनीतून बाहेर काढले, त्याच कागदाने त्यांचा पत्ता राखला, ही गोष्ट मला आजही बोचते.

कागदाबाहेरचे जे आहे तेही सोडू नये. सामोआत प्रत्येक गावाची 'फाअलुपेङा' असते. सभेच्या आरंभी गावातील पदव्यांचा, त्यांच्या मानाच्या क्रमाने, घोष करायचा, आणि तो करणाऱ्या वक्त्या मताईला 'तुलाफाले' म्हणतात. विहीणबाईंनी पाठवलेला एक असा घोष ऐकत असताना मला आमच्या गावचे गाऱ्हाणे ऐकू येत होते. देवळात नारळ ठेवून गावकर बाराही ठिकाणांची नावे घेतो, मूळ पुरुषाला हाक मारतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. आमच्या गावच्या गाऱ्हाण्यात एका वाडीचे असे नाव येते जे सातबाऱ्यावर कोठेच नाही. त्या वाडीत पूर्वी आमची कुळे होती हे मला नंतर बोटखतात सापडले. गाऱ्हाणे मी आता ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, गावकरांना विचारून.

विहीणबाईंच्या आईचे कामही याच वर्षी मार्गी लागत आहे. १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८२ साली दिला होता आणि त्याच वर्षी कायदा करून न्यूझीलंडने तो हक्क काढून घेतला. २०२४ च्या नव्या कायद्याने त्या पिढीतील हयात माणसांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. म्हाताऱ्या बाई १९३८ च्या, अजून सवाई बेटावरच राहतात. त्यांच्या जन्माची सरकारी नोंद पुष्कळ उशिरा झाली आणि तीत वडिलांचे पदाचे नाव आहे. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या वेळी वडिलांचे जुने नाव आहे. दोन्ही कागदांतील बाप एकच, हे दाखवण्यासाठी वडिलांना मताईपद केव्हा मिळाले त्याची नोंद लागते, आणि ती काढण्यासाठी विहीणबाईंचे भाऊ मुलिनुउला जाऊन आले. घरापुढच्या अंगणात त्या वडिलांचे थडगे बांधलेले आहे. सामोआत घरची माणसे घरापाशीच पुरतात. त्या थडग्यावर दोन्ही नावे एकाखाली एक कोरलेली आहेत. त्याचा फोटो त्यांनी अर्जाला जोडला आहे.

आजीचे नाव मी फोनवर वाचून दाखवले तेव्हा विहीणबाईंनी ते दोनदा म्हणायला लावले आणि मोकळ्या ओळीवर लिहिले. त्यात एक 'ण' आहे, तो त्यांना म्हणता येत नाही, नातीला येतो. आजीच्या आईची ओळ अजून 'याची बायको' एवढीच आहे. देवगडला आजीच्या चुलतघराण्यातील एक वृद्ध आत्याबाई आहेत, त्यांच्या सासूने ती साथ पाहिली होती. काजूच्या बिया गोळा करण्याचे दिवस संपले की त्यांना वेळ असतो, असे त्यांच्या सुनेने कळवले आहे, तेव्हा मे महिन्यात सूनबाई आणि नात आल्या की आम्ही तिघी तेथे जाऊ.